टिटवीवरची दोन माणसं

"...पण नाही का म्हणता, तेवढं तरी सांगा!"

नाखवा कांदा चिरत होता. लाटेने बोट कलली की सुरी वर धरायचा, बोट सावरली की पुन्हा चिरायला लागायचा.

"मी नाही म्हटलेलं नाही."

"हो तरी कुठे म्हटलंत?"

"तेही नाही म्हटलं."

"मग काय म्हटलंत?"

"बघू म्हटलं."

शाल्मली राजाध्यक्ष उठली, चार पावलं पुढे गेली आणि परत आली. एकतीस फुटांच्या बोटीवर याहून लांब येरझारा घालता येत नाहीत.

हा 'बघू' ती वर्षभर ऐकत होती.

वय अडतीस. शिडाच्या बोटींच्या शर्यतीत तिचं नाव पहिल्या तिघांत असायचंच. आता तिच्या मनाने घेतलं होतं की हिंदी महासागर एकटीने ओलांडायचा. बोटही त्यासाठीच बांधून घेतली. तिचं नाव 'टिटवी'. शाल्मलीला शिकवणारे जुने प्रशिक्षक म्हणाले, जा. नौदलातून निवृत्त झालेले दोन अधिकारी म्हणाले, जा, तू नाही जाणार तर कोण जाणार?

एकटे इस्माईल होडेकर म्हणाले, बघू.

हे होडेकर दाभोळचे. वय एकाहत्तर. पन्नास वर्षं पाण्यावर काढलेली, आधी गलबतांवर, मग परदेशी जहाजांवर. खाडीकाठचे लोक त्यांना नाखवा म्हणत. नाखवा म्हणजे जहाजाचा धनी. त्यांच्या मालकीचं जहाज कधीच नव्हतं, पण नाव पडलं ते पडलं. टिटवी ज्या कारखान्यात बांधली, तिथे हा म्हातारा दिवसभर बसलेला असायचा. दोराला दोर कसा विणायचा, फाटलेलं शीड कसं टाचायचं, हे शाल्मली त्याच्याकडूनच शिकली होती. त्याच्याइतका गप्प शिक्षक तिने पाहिला नव्हता.

सगळ्यांचे होकार मिळाले होते. हा एक तेवढा सलत होता.

म्हणून तीच म्हणाली होती, "माझ्याबरोबर चला. गोव्याहून सेशेल्सपर्यंत. वीस दिवस मला बघा. मग सांगा."

नाखवा आला. एक पिशवी, एक नमाजाची चटई आणि न सोललेल्या नारळांचं एक पोतं घेऊन.

"एवढे नारळ?" ती म्हणाली होती. "वजन किती वाढेल बोटीचं!"

"खाऊ तसं कमी होईल," नाखवा म्हणाला होता.

तर आज पाचवा दिवस होता. वारा मागून येत होता, शीड भरलेलं होतं, आणि झुलत्या शेगडीवर भात शिजत होता. गोडं पाणी जपून वापरायचं म्हणून भातात निम्मं पाणी समुद्राचं. मीठ वेगळं घालावं लागत नव्हतं.

"बघून किती दिवस बघणार?" शाल्मलीने विचारलं.

नाखव्याने कांदा भांड्यात लोटला.

"अजून बोट पोचायची आहे ना..."

*

पाळ्या ठरलेल्या होत्या. चार तास तिचे, चार तास त्याचे. एकाने सुकाणूपाशी बसायचं, दुसऱ्याने खाली जाऊन झोपायचं.

नाखवा झोपायचा. पाठ टेकली की दोन मिनिटांत घोरायला लागायचा.

शाल्मलीला ते जमत नव्हतं. त्याच्या पाळीत ती खाली अंथरुणावर पडायची आणि कान वर लावायची. पाण्याचा आवाज बदलला का? दोर सैल पडला का? म्हातारा पेंगला तर नाही ना?

सहाव्या दिवशी दुपारी तिचं डोकं झाकणातून वर आलं.

"किती अंशावर चाललोय?"

"दोनशे वीस."

तिने वाकून होकायंत्र बघितलं. दोनशे वीस. मग शिडाचा दोर बोटभर ओढून घेतला आणि खाली गेली.

पंधरा मिनिटांनी पुन्हा वर.

"सगळं ठीक?"

"ठीक."

तिने पुन्हा होकायंत्र बघितलं. दोर बोटभर सैल सोडला. खाली गेली.

तिसऱ्यांदा तिचं डोकं वर आलं, तेव्हा नाखवा उठला. सुकाणूचा दांडा त्याने तिच्या हातात दिला.

"मी पडतो जरा."

"अहो, पाळी तुमची आहे!"

"दोघं जागलो तर दोघं दमू."

आणि गेलाच खाली. थोड्याच वेळात घोरणं ऐकू आलं.

शाल्मलीला राग आला. आणि खरं सांगायचं तर थोडा आनंदही झाला. उरलेले दोन तास त्याचे आणि पुढचे चार तिचे, असे सहा तास ती सलग बसली. एकदाही पाठ टेकली नाही. संध्याकाळी वहीत तिने नोंद केली, त्यात त्या सहा तासांखाली रेघ मारली. बघत असेल म्हातारा, तर हेही बघू दे.

नाखव्याने वही उघडली नाही. त्याने तिला जेवायला वाढलं.

*

नवव्या दिवशी वारा मेला.

सकाळी नुसता मंद झाला. दुपारी थांबला. मग समुद्र तेलासारखा दिसायला लागला. लांबून कुठून तरी उठलेल्या सपाट लाटा मात्र येतच होत्या. त्या बोटीला इकडून तिकडे हेलकावत. शीड एकदा या बाजूला आपटे, एकदा त्या बाजूला. फट... फट... फट...

"उतरवूया," नाखवा म्हणाला. "उगाच फाटेल."

"आणि एखादी झुळूक आली तर? वाया घालवू?"

"बोट तुमची."

शीड राहिलं.

शाल्मलीने इंजिन सुरू केलं. तो दिवस चाललं, दुसरा दिवस चाललं. दुसऱ्या दिवशी उन्हं उतरायच्या वेळेला इंजिन खोकलं आणि बंद पडलं. टाकीत तळचा गाळ तेवढा उरला होता.

"बंदरात कसं शिरायचं?" नाखव्याने विचारलं.

"शिडावर. मी शर्यती जिंकल्यात, नाखवा."

"हो. ऐकलंय."

मग तो उठला, एक लांब दोर काढला, त्याच्या टोकाला रिकामा प्लास्टिकचा डबा बांधला आणि बोटीमागे पाण्यात सोडून दिला. डबा तरंगत राहिला.

"हे कशाला?"

"वारा पडला की माणसं पाण्यात उतरतात."

"कोण उतरतंय?"

"मी नाही," नाखवा म्हणाला.

*

वारा नसलेल्या बोटीवर खरं म्हणजे काहीच काम नसतं. शाल्मलीने ते शोधून काढलं.

शिडाची एक चांगली शिवण उसवून पुन्हा घातली. दोर ओढायच्या चरख्यांना तेल दिलं. सगळे कप्पे रिकामे केले, पुसले, पुन्हा भरले. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा रिकामे केले. सॅटेलाइट फोनवरून दिवसातून चार वेळा हवामान मागवलं. चारही वेळा उत्तर एकच: वारा नाही.

नाखवा पाच वेळा नमाज पढत होता, दोन वेळा भात शिजवत होता. मधल्या वेळात गळ टाकून बसत होता. मासा लागत नव्हता. त्याचं त्याला काही वाटत नव्हतं.

"काबा कुठल्या बाजूला, बघता?" तो विचारायचा.

ती होकायंत्र बघून सांगायची. "वायव्येला. डोलकाठीच्या डावीकडे."

तो चटई टाकायचा. तेवढ्यात हेलकावणारी बोट फिरलेली असायची. तो चटईसकट फिरायचा. पुन्हा बोट फिरायची.

"चालतं का हो असं?" एकदा तिने विचारलं.

"काय?"

"दिशा चुकली तर."

"बोट फिरते, हे त्याला दिसतं."

बाराव्या दिवशी तिच्या हातातला कप तिने फळीवर आपटला.

"तुम्हाला काहीच कसं वाटत नाही?"

"काय वाटायचं?"

"आपण पोचत नाही आहोत! दोन दिवस झाले, आपण एकाच जागी आहोत!"

नाखव्याने मान वळवून चहूकडे बघितलं. जणू ती म्हणते ते खरं आहे का, हे तपासत होता.

"...बुडतही नाही आहोत."

ती उठून पुढे गेली. परत आली. पुन्हा पुढे गेली.

*

तेराव्या दिवशी, उन्हं कलताना, तिने कडेवरून वाकून बोटीचा तळ बघितला.

तळाला हिरवं शेवाळ धरलं होतं आणि त्यात बारीक शिंपल्यांची खरूज. ती बघून तिला बरंच वाटलं. अखेर काहीतरी सापडलं होतं. एवढं सगळं चिकटल्यावर बोट चालेल कशी? वारा आला तरी चालणार नाही. हे आत्ताच्या आत्ता खरवडायला हवं.

ती स्वयंपाकाच्या कोपऱ्यातून पोलादी उलथनं घेऊन आली.

नाखवा नुकताच नाळेवर, म्हणजे बोटीच्या अगदी पुढच्या टोकावर, नमाजाला उभा राहिला होता. त्याची तिच्याकडे पाठ होती.

सांगायचं तर त्याचं होईपर्यंत थांबायला हवं. म्हणजे दहा मिनिटं.

दहा मिनिटं थांबायची तिची तयारी नव्हती. आणि सांगायचं काय त्यात? बोट जागची हलत नव्हती. पोहण्यात ती कुणाला हार जाणारी नव्हती.

मागे सोडलेला तो दोर नेमका मध्ये येत होता. तळाशी काम करताना पायात गुंतला असता. तिने तो ओढून घेतला आणि नीट वेटोळं करून ठेवला. मग कडेची दोराची शिडी खाली सोडली आणि पाण्यात उतरली.

पाणी गार होतं. पाच दिवसांत पहिल्यांदा तिला मोकळं वाटलं. श्वास रोखून खाली जायचं, सात-आठ वेळा खरवडायचं, वर यायचं. शिंपले सुटून खाली खोल निळ्यात जात होते. झपाझप काम होत होतं. ती स्वतःशीच हसलीसुद्धा.

चौथ्यांदा वर आली, तेव्हा काहीतरी वेगळं वाटलं.

शिडाची फटफट थांबली होती.

तिच्या गालावर वारा लागला. आणि हाताखालून बोट सरकली.

तिने पंजा रोवला. तळ गुळगुळीत होता. आत्ताच तिने तो घासून गुळगुळीत केला होता. शिडी हातभर अंतरावरून पुढे निघून गेली. सुकाणू गेलं. मग समोर बोटीची पाठ होती, आणि तिच्यावर लिहिलेलं 'टिटवी'.

दोर...

दोर बोटीत होता.

ती सपासप हात मारू लागली. पहिल्या दहा हातांत अंतर वाढलं नाही. पुढच्या दहात वाढलं. भरलेलं शीड ऐटीत कललं होतं. ह्याच झुळुकीसाठी तिने ते पाच दिवस उतरवू दिलं नव्हतं.

"नाखवा!"

तो सजद्यात होता. कपाळ चटईला टेकलेलं.

"नाखवाऽऽ!"

सजद्यातून तो तसाच उठला. नमाज अर्धा टाकून उठलेला नाखवा तिने पहिल्यांदाच पाहिला. त्याच्या पायाखालची चटई वाऱ्याने उचलली आणि समुद्रात गेली. त्याने तिकडे बघितलं नाही. एकाहत्तर वर्षांच्या गुडघ्यांनी धावता येत नव्हतं. डोलकाठी धरत, दोर धरत तो मागे यायला निघाला...

मध्ये लाट आली. सगळं दिसेनासं झालं.

*

पुढच्या लाटेने तिला वर उचललं, तेव्हा बोट बरीच लांब गेली होती. नाखवा मागच्या बाजूला उभा होता आणि पाण्यात काहीतरी फेकत होता. एक. थोड्या वेळाने आणखी एक.

तिला वाटलं, म्हातारा गडबडला.

"बोट वळवा!" ती ओरडली. "आधी बोट वळवा!"

तोंडात पाणी गेलं. ती खोकली, पुन्हा हात मारू लागली, आणि समोर पाण्यावर काहीतरी तपकिरी वरखाली होताना दिसलं.

नारळ होता.

तेव्हा कुठे तिच्या डोक्यात प्रकाश पडला. लाटांमध्ये माणसाचं डोकं शंभर हातांवरून दिसत नाही. नारळांची ओळ दिसते. बोट कितीही लांब गेली, तरी वळून ती ओळ धरली की माणूस जिथे पडलं तिथे परत येता येतं. पाण्यात माणूस पडलं तर आधी खूण टाकावी, मग बोट वळवावी. हे तिने परीक्षेत लिहिलं होतं. पुढे दुसऱ्यांना शिकवलंही होतं.

ती नारळापर्यंत पोचली. त्याच्यापुढचाही गाठला. एकेक नारळ एकेका बगलेत धरला आणि पोहायचं थांबवलं.

बोट वळली. पण आता वारा समोरून होता, त्यामुळे सरळ येता येत नव्हतं. ती तिरकी एकीकडे जात होती, मग तिरकी दुसरीकडे. पाच माणसांचं काम एक म्हातारा करत होता. शीड जवळ आलं. आणखी जवळ आलं. तिला त्याचा पांढरा सदरा दिसला. तो डोलकाठीला एका हाताने मिठी मारून उंचावर उभा होता आणि बघत होता.

दुसऱ्याच बाजूला बघत होता.

तिने हात वर केला. नारळ सुटला. ती ओरडली, तर आवाजच फुटला नाही.

बोट तिला ओलांडून गेली.

आता करण्यासारखं काही उरलं नव्हतं. हात हलवावे तर दम जात होता. उरलेला नारळ छातीशी धरून ती नुसती तरंगत राहिली. शरीर थांबलं, पण मन थांबेना. ते पुन्हा पुन्हा एकाच जागी जाऊन आदळत होतं. 'मी उतरतेय.' एवढंच म्हणायचं होतं. दोन शब्द. दोन शब्दांना किती वेळ लागतो? त्याने नमाजात मान हलवली नसती, पण ऐकलं असतं...

ऐकलं असतं.

किती वेळ गेला, तिला कळलं नाही. मग पाण्यावर सावली पडली.

बोट वाऱ्याच्या वरच्या अंगाला येऊन उभी होती. शीड धाडकन खाली आलं. बिनशिडाची टिटवी आडवी होऊन सावकाश तिच्याकडे वाहत आली आणि दोराचं वेटोळं तिच्या तोंडावर येऊन आदळलं.

"धर! धर, पोरी! मनगटाला गुंडाळ! हात दे... हात दे तुझा!"

एवढ्या दिवसांत नाखव्याने तिला पहिल्यांदा एकेरीत हाक मारली.

*

ती फळ्यांवर पडून होती. अंगातून पाणी गळत होतं, दात वाजत होते.

नाखवा तिच्याशेजारी बसला होता. मग त्याने बादलीने समुद्राचं पाणी ओढलं, हात धुतले, चूळ भरली, तोंड धुतलं, पाय धुतले. चटई नव्हती. त्याने एक टॉवेल पसरला आणि नमाज पहिल्यापासून सुरू केला.

शाल्मली पडल्या पडल्या बघत राहिली. ह्या वेळी तिने काबा कुठे, हे सांगितलं नव्हतं. त्याने विचारलंही नव्हतं.

नमाज झाल्यावर त्याने पेज केली. मीठ टाकून गरम वाडगा तिच्या हातात दिला. ब्लँकेट खांद्यावर टाकलं. स्वतः समोर बसला.

"ओरडा ना माझ्यावर," ती म्हणाली.

"ओरडून झालं."

"कधी?"

"तुम्ही लांब होतात."

तिने पेजेचा घोट घेतला. वाडगा दाताला लागून किणकिणत होता.

"नाखवा... मी एकटी असते तर मेले असते."

"एकट्या असतात, तर उतरल्या असतात?"

तिने उरलेली पेज संपवली.

एकटी असते तर आधी शीड उतरवलं असतं. कमरेला दोर बांधला असता. गाठ दोनदा ओढून बघितली असती. मागचा दोर सोडलेला आहे ना, हे तीनदा पाहिलं असतं.

"...नाही," ती म्हणाली. "नसते उतरले."

नाखव्याने रिकामा वाडगा तिच्या हातातून घेतला.

*

वारा आला तो टिकला. पुढचे सहा दिवस टिटवी एका चालीने चालली.

शाल्मली आता प्रत्येक गोष्ट सांगत होती. मी पुढे जातेय. मी खाली जातेय. मी दोर सैल करतेय. नाखवा प्रत्येक वेळी म्हणायचा, "बरं."

त्याच्या पाळीत ती डोळे मिटून पडायची. झोप येत नव्हती. पाण्याचा आवाज जरा बदलला की पाय आपोआप फळ्यांना लागायचे. एकदा ती तीन पायऱ्या चढून गेली. चौथ्या पायरीवर थांबली. वर नाखवा स्वतःशी काहीतरी गुणगुणत होता. ती उलटी फिरली, खाली आली, अंथरुणावर बसली आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. शर्यतीत कधी सुटला नव्हता एवढा घाम तिला तिथे बसल्या बसल्या सुटला.

एकोणिसाव्या दिवशी दुपारच्या आधी जमीन दिसली. आधी ढगासारखी, मग हिरवी. उंच डोंगर, त्यांच्या अंगावर काळे कातळ, पायथ्याशी पांढरी घरं.

डिझेल नव्हतं. बंदरात शिडावर शिरायचं होतं. आणि बंदराचं तोंड म्हणजे बोटींची गर्दी, डोंगरावरून सारखा दिशा बदलत उतरणारा वारा.

शाल्मली उभी राहिली. हे तिचं काम होतं. हे तिला येत होतं. डोळे लखलखले, मान ताठ झाली. डावीकडून एक मचवा आला, त्याला तिने चुकवलं. उजवीकडे उथळ पाणी होतं, ते टाळलं. वारा झपकन फिरला. समोर दोन बोटींच्या मधली फट दिसली, आत्ताच, हीच, पुन्हा मिळणार नाही! तिने सुकाणू पूर्ण लोटलं. टिटवी जागच्या जागी वळली. शीड कडाडून ह्या बाजूचं त्या बाजूला गेलं, त्याची आडवी दांडी सणसणत फिरली, आणि टिटवी त्या फटीतून अलगद आत शिरली.

काठावरच्या कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

"बघितलंत?" ती वळून ओरडली. "नाखवा, बघितलंत?"

नाखवा फळ्यांवर पालथा होता.

तो हळूहळू उठून बसला. कोपर खरचटलं होतं. डोकं उघडं होतं. मागे, बोटीने पाण्यावर काढलेल्या वळणात, त्याची विणलेली पांढरी टोपी तरंगत होती.

शाल्मलीने फिरलेल्या दांडीकडे बघितलं. दांडी... ती वळणार आहे, हे ती बोललीच नव्हती.

"लागलं?"

"नाही. वाकलो मी."

"टोपी... मी वळवते बोट. घेऊया टोपी."

"राहू दे. नांगर टाका आधी."

तिने नांगर टाकला. साखळी खडखडत खाली गेली, ताणली, थांबली. शीड उतरवलं. दोर गुंडाळले. मग करायला काही राहिलं नाही, म्हणून ती त्याच्यासमोर येऊन बसली. काठावरून माणसांचे आवाज येत होते. एकोणीस दिवसांनी ऐकलेले आवाज. तिला ते ऐकवेनात.

"मी ठरवलंय," ती म्हणाली.

नाखवा कोपर धूत होता.

"एकटीने जायचं नाही. पुढच्या वर्षी नाही, कधीच नाही. माझी ती लायकी नाही."

त्याने फडकं बादलीत बुडवलं.

"तुम्ही 'बघू' म्हणत होतात, ते बरोबर होतं. तुम्ही नसतात तर..." तिने मान वर केली. "पुढच्या वर्षी तुम्ही याल? माझ्याबरोबर? परत असंच, दोघंच?"

नाखव्याने ओलं फडकं पिळलं आणि दोरीवर वाळत घातलं. मग तिच्याकडे बघितलं.

"बाय, एकट्या तुम्ही उद्यासुद्धा जा," तो म्हणाला. "माझ्याबरोबर यायला अजून अवकाश आहे."